जुन्या मैत्रिणीबरोबर निवांत चार-पाच दिवस: व्हिएन्ना की बुडापेस्ट?

जुन्या मैत्रिणीबरोबर परदेशात जायचं, तर काय बघायचं हे नंतर ठरवा. आधी बसायचं कुठे ते बघा. वर्षानुवर्षं साचलेल्या गप्पांना वेळ लागतो, आणि मधे कोणी उठवता कामा नये. या कसोटीवर डॅन्यूब नदीकाठची, ऑस्ट्रियातली व्हिएन्ना आणि हंगेरीतली बुडापेस्ट ही दोन्ही शहरं उतरतात. दोन्हीकडे शेंगेन व्हिसाच चालतो आणि रेल्वेने अंतर जेमतेम पावणेतीन तासांचं आहे. तरी चार दिवसांत दोन्ही करायला जाऊ नका; बॅगा भरण्यातच एक दिवस जातो.

व्हिएन्नात बसायचं ते कॉफीहाउसमध्ये. 'मेलांज' मागवली की छोट्या चकचकीत ट्रेमध्ये फेसाळ दुधाची कॉफी येते. सोबत पाण्याचा ग्लास, त्यावर आडवा ठेवलेला चमचा. त्या एका कपावर दोन तास बसलात तरी चालतं, आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही. १८७६ सालचं काफे सेंट्राल देखणं आहे, पण दाराशी रांग असते आणि मागचे लोक वाट बघत असताना मनमोकळं बोलणं होत नाही. त्यापेक्षा १८८० सालचं काफे श्पेर्ल बरं. लाकडी फ्रेममध्ये अडकवलेली वर्तमानपत्रं, जुने सोफे, आणि बिलियर्डची टेबलं. रात्री आठनंतर हावेल्का या कॉफीहाउसमध्ये गरमागरम बुख्टेल्न मिळतात, म्हणजे आत जॅम भरलेले गोड पाव. ते चुकवू नका.

बुडापेस्टमध्ये गप्पा गरम पाण्यात होतात. जमिनीखालून येणाऱ्या ऊन पाण्यावर इथे मोठमोठी स्नानगृहं उभी आहेत. १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहाच्या उघड्या तलावात गळ्यापर्यंत बुडून लोक बुद्धिबळ खेळतात. थंडीत पाण्यावर वाफ तरंगत असते आणि गुडघे, कंबर अगदी मोकळी होते. आपल्याकडच्या बऱ्याच जणींना इथे एकच अडचण येते, कपड्यांची. पोहण्याचाच पोशाख लागतो, सुती टी-शर्ट चालत नाही. संकोच वाटत असेल तर रुदास बघा. सोळाव्या शतकातला तुर्की घुमट, खाली अष्टकोनी हौद, आणि मंगळवारी तिथे फक्त बायकांना प्रवेश. मात्र वार आणि वेळ निघण्याआधी तपासून घ्या. स्लीपर आणि टॉवेल घरूनच न्या.

चालण्याच्या बाबतीत व्हिएन्ना सोपं. जुनं शहर बहुतांशी सपाट आहे आणि भोवतीच्या रिंगरस्त्यावर ट्राम धावते. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलेच्या म्युझियममध्ये चित्रांसमोरच ऐसपैस सोफे आहेत. सोळाव्या शतकातल्या ब्रॉयगेल या चित्रकाराच्या 'बर्फातले शिकारी'समोर अर्धा तास बसा, बाकीचं म्युझियम राहिलं तर राहू दे. बुडापेस्टमध्ये नदीच्या दोन काठांपैकी पेस्टची बाजू सपाट, बुडाची चढणीची. किल्ल्यावर मात्र १६ नंबरची बस जाते, त्यामुळे फ्युनिक्युलरच्या, म्हणजे दोरावर चढणाऱ्या छोट्या रेल्वेच्या, रांगेत उभं राहायची गरज नाही. संध्याकाळी पेस्टच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम पकडा आणि नदीच्या बाजूची खिडकी धरा. संसद, साखळी पूल, पलीकडे किल्ला, सगळं बसल्या बसल्या दिसतं.

खर्चाला बुडापेस्ट हलकं, विशेषतः राहणं आणि जेवण. तिथे युरो नाही, फोरिंट चालतो. कार्ड मशीनने रुपये की फोरिंट असं विचारलं तर फोरिंटच निवडा. रुपयांचा दर महाग पडतो.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे थोडं विचारत जावं लागतं. व्हिएन्नात चीज घातलेले श्पेट्झ्ले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, आणि सफरचंदाचा श्ट्रुडेल, म्हणजे पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली गोड पेस्ट्री, बुडापेस्टमध्ये लसूण, आंबट साय आणि चीज लावलेला लांगोश, म्हणजे तळलेली जाडसर पोळी. फोझेलेक ही तिथली दाटसर भाजी साधी आणि पोटभरीची. पण वर मांसाचा तुकडा ठेवून देतात, म्हणून आधीच सांगा.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या दोघींना मी व्हिएन्ना सांगेन, कारण तिथे ठरवून काही करावं लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतच सुट्टी मिळणार असेल किंवा दोघींपैकी एकीचे गुडघे कुरकुरत असतील, तर गरम पाण्यासाठी बुडापेस्ट. हॉटेल मात्र पेस्टच्या बाजूलाच घ्या, ट्राम थांब्याजवळ.