देवबागात तीन रात्री: एक मासेखाऊ, एक शाकाहारी

माझं माहेर उरणकडचं आणि सासर सांगलीचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. आमचे हे अंडंसुद्धा खात नाहीत. आम्ही दोघंच कुठे समुद्रावर जाऊन राहिलोय असं इतक्या वर्षांत घडलं नव्हतं. कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण, आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच प्रश्न यायचा, की तिथे जाऊन हे जेवणार काय? यंदा मुलगी नोकरीला लागली आणि तिनेच मालवणजवळच्या देवबागातल्या एका रिसॉर्टचं बुकिंग करून दिलं. फेब्रुवारीचा चौथा आठवडा, शुक्रवार ते सोमवार, तीन रात्री. ज्यांच्या घरात असं अर्धं-अर्धं ताट आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय. रिसॉर्टचं नाव मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी मालकांना समोरच सांगितल्या आहेत.

सांगलीहून पहाटे पाचला निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट उतरून कणकवली, मग महामार्गाने कसाल आणि तिथून उजवीकडे मालवण. घाट उतरला की काच खाली करा. त्या दिवसांत आंब्याला मोहोर असतो, काजूही धरलेला असतो आणि तो वास गाडीत भरून राहतो. मालवणहून तारकर्ली ओलांडून रस्ता पुढे जातो तो देवबागला जाऊन संपतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्हीकडचं पाणी दिसतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं नुसतेच उभे राहिलो.

आता खोली. चेक-इन बाराचं होतं, खोली सव्वादोनला मिळाली. कोकम सरबत दिलं, बसायला सावली दिली, पण सात तास प्रवास करून आलेल्या माणसाला पाठ टेकायची असते. समुद्राकडच्या खोलीचे रात्रीला ५,२०० रुपये, नदीकडच्या खोलीचे ४,०००, दोन्हींत नाश्ता धरून. मुलीने हौसेने समुद्राकडची घेतली होती. पडवीत खुर्ची टाकून समोर बघितलं तर वॉटर स्पोर्ट्सवाल्याचं ताडपत्रीचं खोपटं आणि शेजारी दोन जेट स्की. समुद्र होता, त्याच्या मागे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच इंजिनांचा आवाज. जादा १,२०० रुपये ज्या दृश्यासाठी मोजले ते दृश्य पहाटे आणि सूर्यास्तानंतरच मोकळं मिळालं. फोटोत हे खोपटं कुठेच नव्हतं, आणि असं करू नये असं मला मनापासून वाटतं. फोटो काढताना आहे तसा काढावा.

खोली स्वच्छ होती. चादरी कोऱ्या, एसी व्यवस्थित, झुरळ-मुंगी काही नाही. नळाचं पाणी मात्र मचूळ. दोन्हीकडून खारं पाणी असलेल्या पट्टीवर विहीर खणली की असंच होणार, त्यात रिसॉर्टवाल्यांचा दोष नाही. पण साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, हे आधी माहीत असलं तर माणूस तयारीने जातो. प्यायला वीस लिटरचा जार खोलीत ठेवतात, त्यातलाच एक तांब्या शेवटी डोक्यावर ओतून घ्यायचा.

पहिल्या रात्रीचं जेवण मला अजिबात आवडलं नाही. बुफे होता. पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, तंदुरी रोटी, शेवया घातलेलं चायनीज सूप. माशांत सुरमई फ्राय, तीही वाळून कडक झालेली, कारण सातला तळून आठला मांडलेली. सोलकढी गुलाबीभडक आणि पाण्यासारखी, नारळाच्या दुधाचा पत्ता नाही. ह्यांनी पनीर पुढे ढकललं आणि दही-भातावर जेवले. म्हणाले, "हे तर आपल्या सांगलीत विश्रामबागच्या चौकातही मिळतं." मला इतकं वाईट वाटलं. चोवीस वर्षांनी आणलं आणि पहिल्याच रात्री दही-भात.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. तिथे एक काकी भांडी आवरत होत्या. त्यांना सरळ विचारलं, तुम्ही घरी काय जेवता? त्या आधी बावरल्या. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वैनी, पनीर काय आमचा न्हय. ओले काजी इलेत, उसळ करू साहेबांका?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती केली, आणि मी शेजारी बसून पाहिली. ओला काजू विळीवर धरून मधोमध चिरायचा, काडीने आतला गर उचलायचा. सालीतून जो चीक उडतो तो कातडी भाजतो. म्हणून हाताला आधी खोबरेल चोळून घेतलेलं. तरीही काकींच्या अंगठ्याची आणि दोन बोटांची टोकं काळी पडलेली होती, कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती. मी विचारलं, दुखत नाही? म्हणाल्या, मोसम संपला की नवी कातडी येते. मग ते गर गरम पाण्यात टाकून वरचं साल एकेक करून सोलायचं. वाटीभर गरांना पाऊण तास लागला. कांदा, भाजक्या खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, वरून कोथिंबीर. सोबत घावणे आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) घातलेली, दाट, फिकट जांभळी सोलकढी. हे तीनदा वाढून घेऊन जेवले. शेवटी पातेल्यात राहिलेलं वाटप घावण्याने पुसून घेतलं. घरी ते असं कधी करत नाहीत.

पुढचे दोन दिवस हाच क्रम. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, कुयरीची भाजी (कुयरी म्हणजे कोवळा फणस), आंबोळी, आणि निघायच्या दिवशी सकाळी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. कोकणात शाकाहारी माणसाची उपासमार होते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे. या किनाऱ्यावर बिनमाशाच्या जेवणाची एवढी श्रीमंती आहे, आणि पाहुण्यापुढे पनीर येतं, कारण पाहुण्याला तेच लागतं असं मालकांनी धरून ठेवलंय. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मुंबई-पुण्याची मंडळी मागतात. मागत असतील. पण फळ्यावर "काजूची उसळ, आदल्या दिवशी सांगावी" एवढं खडूने लिहून ठेवलं तरी कितीतरी जण मागतील.

आता माझं ताट. शनिवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर फिरायला गेलो तर रापण ओढणं चाललं होतं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून आणलेलं असतं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा. तालात मागे सरकत ओढायचं, शेवटच्या माणसाने दोर गुंडाळून पुन्हा पुढे पाण्याकडे जायचं. मी चप्पल काढली, पदर खोचला आणि दोराला हात लावला. कुणी नको म्हटलं नाही. एका आजोबांनी फक्त पाय कसे रोवायचे ते दाखवलं, टाच वाळूत आणि अंग मागे. दोर ओला, जाड, काथ्याइतका खरखरीत. अर्ध्या तासात तळहात लाल झाले. जाळं जवळ आलं तसं पाणी आधी काळसर दिसलं, मग चमकलं, आणि मग पेडवे, तारल्या, बांगडे एकदम उसळले. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो हा तिथला रिवाज आहे. माझ्या ओंजळीत चार बांगडे आले, जिवंत, शेपटी आपटणारे. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माशांची पिशवी हातात धरली आणि रिसॉर्टपर्यंत आणली.

काकींनी त्याचं तिखलं केलं, तिरफळं ठेचून, आतली काळी बी काढून टाकून. तिरफळाने जिभेवर जी बारीक झिणझिण येते ती आमच्या उरणकडच्या कालवणात नसते. आई असती तर तिला फोन करून सांगितलं असतं.

रविवारी संगमाकडे होडीने गेलो. इथे एक फार उपयोगाची गोष्ट कळली. नदीच्या मुखातली जी वाळूची पट्टी त्सुनामी आयलंड म्हणून दाखवतात, ती भरतीला पाण्याखाली जाते. होडीवाल्या दादांनी वेळ काढायचं गणित शिकवलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती आणि साडेदहाच्या सुमाराला सुकती. ओहोटीला तिथे सुकती म्हणतात. आम्ही दहाला निघालो आणि पट्टी चांगली रुंद, कोरडी मिळाली. संध्याकाळी त्याच जागी नुसतं पाणी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. बुकिंग करताना कॅलेंडरवर तिथी बघा. आणि संगमाच्या मुखाशी पोहायला उतरू नका, वरून पाणी शांत दिसलं तरी आत ओढ असते. रिसॉर्टच्या रखवालदाराने हे आम्हाला पहिल्याच दिवशी न विचारता सांगितलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

गुण कापावेत असं आणखी एक: नाश्त्याच्या टेबलाशी येऊन स्कूबा आणि पॅरासेलिंगचं पॅकेज गळ्यात मारणं. तीन दिवसांत पाच वेळा. नाही म्हटल्यावर माणसाला इडली खाऊ द्यावी.

सिंधुदुर्ग किल्ला शनिवारी दुपारी केला. मालवण जेटीवरून होड्या सुटतात. परतीसाठी तासाभराची मुदत देतात आणि ती अपुरी पडते. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, पायात शिसं ओतलंय. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं, तिथे महाराजांची मूर्ती दाढीविना आहे. २०२५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. हे सगळं वाचलेलं होतं. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर हे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींपाशीच थांबले. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे झरे. रिसॉर्टच्या मचूळ नळाखाली सकाळीच आंघोळ करून आलेला माणूस त्या विहिरीत जसा वाकून बघतो तसा पुस्तक वाचून कुणी बघणार नाही. तटावर चढायला वेळच उरला नाही. तुम्ही गेलात तर सकाळच्या पहिल्या होडीने जा आणि होडीवाल्याशी दोन तासांचं आधी बोलून घ्या.

हिशोब सांगते. तीन रात्रींचे १५,६००, जेवणाचे साधारण ४,३००, होडी आणि किल्ला धरून दोन हजारांच्या आत. काकींच्या जेवणाचे बुफेपेक्षा कमी पैसे लावले होते, ते मला पटलं नाही. पाऊण तास बोटं भाजून घेऊन केलेल्या उसळीचे दीडशे रुपये? आम्ही निघताना काकींच्या हातात वेगळे दिले. त्या घेत नव्हत्या. शेवटी घेतले आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तिरफळाची पुडी माझ्या पिशवीत टाकली.

रविवारी संध्याकाळी, इंजिनं बंद झाल्यावर, आम्ही नदीच्या अंगाला जाऊन बसलो होतो. तिथे कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावरचे माड पाण्यात उलटे दिसत होते, एक माणूस छोट्या होडीतून जाळं सोडत गेला. हे म्हणाले, आपण उगीच समुद्राकडची खोली घेतली. मलाही तेच वाटत होतं. नदीकडच्या खोल्यांत एकदम टोकाची आहे, तिच्या पडवीला जांभ्याचा कट्टा आहे आणि समोर आड काही नाही. पुढच्या वेळी तीच हवी, असं मालकांना सांगून आलोय. ते म्हणाले, मेमध्ये गर्दी असते, दिवाळी झाल्यावर या. ह्यांनी लगेच विचारलं, "तेव्हा ओले काजू मिळतील का?" नाही मिळणार. मग पुन्हा फेब्रुवारीच ठरवलाय.