दीड टनी पिकअप वर्षभर पळवल्यावर: आवाज, उडणारा तिसरा गिअर आणि ४२ हजाराचं एस्टिमेट

रिव्ह्यू लिहायचं डोक्यात नव्हतं, पण वर्कशॉपवाल्याने ४२ हजाराचं एस्टिमेट हातात ठेवलं तेव्हा म्हटलं आता लिहायचंच. गाडीचं नाव लिहीत नाही. दीड टनी, पाच गिअर, मागे भार झेलणारे कमानपाटे, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा, मधे सेंटर बेअरिंगवर टांगलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट, मार्केटला रांगेत उभ्या असतात त्यातलीच एक. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. काम टोमॅटोचं, नारायणगावात वीस किलोचे कॅरेट भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून रात्रीत वाशी आणि सकाळी रिकामे कॅरेट घेऊन परत.

इंजिनला नाव ठेवायला जागा नाही, ॲव्हरेज चांगलं, एसी नाही त्यामुळे बिघडायचा प्रश्न नाही, सीट म्हणजे दगड, आणि माळशेजच्या धुक्यात हेडलाईट लावली काय न लावली काय एकच. झालं.

आता गिअरबॉक्स. पावसाळ्यानंतर खालून गूंऽऽ गूंऽऽ असा आवाज यायला लागला, पन्नासच्या पुढे सुरू, साठला पायाखालचा पत्रा थरथरायचा, सत्तरला पुन्हा कमी. त्यात घाट उतरताना तिसऱ्यात गाडी धरून ठेवलीय, ॲक्सिलेटर सोडला की टक्क करून गिअर न्यूट्रलला. भरलेली गाडी, उतार, पुढे टँकर आणि हातात गिअर नाही, ज्याने माळशेज उतरलाय त्याला सांगायला नको. तेव्हापासून घाटात दुसराच टाकायचो आणि मागचे हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे.

वर्कशॉपला नेली. पोरगा एक चक्कर मारून आला आणि सुपरवायझर म्हणाला गिअरबॉक्स उतरवायला लागेल, तिसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर अलगद बसवणारी कडी), हब, सगळे बेअरिंग. वॉरंटीत करा म्हटलं तर खाली वाकून बॅटरी मारली आणि म्हणे मागे जादा पाटा आहे, बाहेरचं काम आहे, वॉरंटी बसत नाही. अरे पण तो पाटा गाडी घेताना तुमच्याच माणसाने ज्या बॉडीवाल्याकडे पाठवलं त्याने टाकलाय, "सगळेच टाकतात साहेब" म्हणून! त्यावर उत्तर नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ही गाडी घेऊ नका, गिअरबॉक्स भंगार आहे.

वरचं सगळं दिवाळीच्या आधी लिहून ठेवलेलं, तसंच राहू देतो. पुढचं नंतरचं आहे आणि गाडीबद्दलचं मत आता बरंच बदललंय.

गाडी आळेफाट्याला एका जुन्या फिटरकडे दाखवली, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी पाना उचलायच्या आधी विचारलं, "भरलेली आस्ताना येतो का आवाज?" मी म्हटलं नाही मामा, येताना रिकामी असली की येतो. "मंग गिअरबॉक्स कशाला खोलतो? त्यो गेला आसता तर लोडवर जास्त बोंबालला आसता."

मग मला शेजारी बसवून हायवेला काढली. साठला आवाज सुरू झाल्यावर क्लच दाबून न्यूट्रल केली, इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच, आणि स्पीड उतरेल तसा तोही उतरत गेला. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलला क्लच दाबून-सोडून बघितला, काही फरक नाही, म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग नाही आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंगही नाही. राहिलं मागचं. तरी खात्रीसाठी गिअर ऑईल स्वच्छ घमेल्यात काढलं, मॅग्नेटवर नेहमीचा काळा लेप होता पण तेलात पितळेचा चुरा नव्हता. सिंक्रो रिंग पितळेची असते, ती खाल्ली असती तर तेल सोनेरी चमकलं असतं. एवढं बघायला वर्कशॉपला काय झालं होतं?

खाली शाफ्ट हाताने उचलला तर बोटभर वर आला, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं. गिअरबॉक्स धरून ठेवणारं मागचं रबरी माउंटिंगही चिरलेलं. कारण काय, तर तोच पाटा. पाट्याने रिकामी गाडी मागून उचलली, शाफ्टचा कोन वाढला, आणि क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या सांध्याला, जास्त कोन दिला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद-मंद होतो. माल भरला की पाटे दबतात, कोन जागेवर येतो, आवाज गायब. त्या थरथरीने रबरं गेली, मग ॲक्सिलेटर सोडला की गिअरबॉक्स जागेवरून हलायचा, गिअरची केबल ओढली जायची आणि अर्धवट बसलेला तिसरा बाहेर. म्हणजे वॉरंटी नाकारायला पाटा दिसला, आवाज शोधायला नाही दिसला!

पाटा काढला, सेंटर बेअरिंग, माउंटिंग, मधला क्रॉस आणि नवं तेल धरून सात हजाराच्या आत काम झालं. शाफ्ट खोलायच्या आधी मामांनी छन्नीने दोन्ही तुकड्यांवर खुणा केल्या, कारण दात चुकवून बसवला तर पुन्हा थरथर. तिसरा आता घाटात जागचा हलत नाही.

पण कंपनीला एक विचारायचंच आहे, मधल्या क्रॉसचं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असं कुणी ठेवलं? ग्रीसची गन सरळ लागतच नाही, गाडी ढकलून ढकलून निपल खाली आणायचं, तरी सायलेन्सर आडवा, वाकडी नळी लावली तर अर्धं ग्रीस हातावर. एक इंच इकडेतिकडे केलं असतं तर काय बिघडलं असतं? नवीन क्रॉस टाकला तरी निपल तिथंच. आणि वर्कशॉप प्रत्येक सर्व्हिसला ग्रीसिंगचे ३५० लावत होतं. मामांनी जुना क्रॉस काढून दाखवला तर निपलवर चिखल वाळून दगड झालेला, गन कधी टेकलीच नव्हती, आत बेअरिंगच्या सुया कोरड्या, गंजून लालभडक. मला ४२ हजारापेक्षा त्या ३५० चा राग जास्त आलाय. सगळी बिलं आणि तो क्रॉस घेऊन गेलो, लेखी तक्रार दिली, पैसे परत मागितले. त्यांनी फुकट वॉशिंग देतो म्हणून सांगितलं. वॉशिंग करून घेतलं, तक्रार मागे घेतली नाही.

पाटा काढल्यावर मागून गाडी थोडी बसते, त्यामुळे सत्तर कॅरेटच्या वर भरत नाही. धाकटा भाऊ रोज कुरकुरतो की बाजूवाला शंभर नेतो. नेऊ दे. काढलेला पाटा घरी पडलाय, लागत असेल त्याने भंगाराच्या भावात घेऊन जा, आवाज आला तर मला फोन करायचा नाही.