टेपर दोन आठवड्यांचं की तीन? मुंबई मॅरेथॉनआधीच्या २१ दिवसांचा हिशोब

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे मोजत आलं की डिसेंबरच्या मध्यापासून आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये रोज तोच विषय: शेवटचा लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं सरावाचं धावणं, कधी करायचा आणि टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं हळूहळू कमी करत नेणं, किती आठवड्यांचं ठेवायचं? मी दोन्ही प्रकार याच शर्यतीसाठी लागोपाठच्या दोन वर्षी करून पाहिले आहेत. एक-दोन पूर्ण मॅरेथॉन झाल्या आहेत आणि आता वेळ खाली आणायची आहे, अशांना ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहिते आहे. पहिल्यांदाच ४२ किमी धावणाऱ्यांनी सरळ तीन आठवडे घ्यावेत, त्यांनी जास्त विचार करायची गरज नाही.

२०२३ ची शर्यत १५ जानेवारीला होती. कोविडमुळे पडलेल्या दोन वर्षांच्या खंडानंतरची पहिली, आणि नेमकी संक्रांतीच्या दिवशी. मी शेवटचे ३२ किमी १ जानेवारीला केले, म्हणजे बरोबर १४ दिवस आधी. २०२४ ची शर्यत २१ जानेवारीला होती आणि शेवटचे ३२ किमी झाले ३१ डिसेंबरला, २१ दिवस आधी. एका दिवसाच्या फरकाने तारीख तीच, पण शर्यत एक आठवडा लांब. दोन्ही वर्षी सराव भरात असतानाचं माझं आठवड्याचं मायलेज, म्हणजे आठवड्याभरात धावलेलं एकूण अंतर, ६२ किमीच्या आसपास होतं.

पहिल्या वर्षी ६२ वरून ४० आणि मग शर्यतीच्या आठवड्यात १८ किमी, असं उतरवलं. दुसऱ्या वर्षी ५०, ३७ आणि २०. निकाल असा: २०२३ ला पहिला अर्धा भाग २ तास ६ मिनिटांत, दुसरा २ तास २३ मिनिटांत, एकूण ४:२९. २०२४ ला पहिला अर्धा २:०७, दुसरा २:०८, एकूण ४:१५. पहिल्या अर्ध्यात मी दोन्ही वर्षी जवळपास सारखीच होते. जे काही घडलं ते ३० किमीनंतर.

२०२३ ला परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ सुरू झाला आणि डाव्या पोटरीत गोळा आला. फूटपाथला टेकून मी टाच खाली दाबत उभी होते. तिथल्या सोसायट्यांमधली माणसं दरवर्षी संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभी असतात. एका आजींनी माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हे खा, मग गोड बोल." तोंड इतकं कोरडं पडलं होतं की तीळ टाळूला चिकटून बसले. तो चढ मी चालत पूर्ण केला. मंगळवारपर्यंत पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागत होता, आणि तेव्हा लक्षात आलं की ही दुखण्याची जात ओळखीची आहे. १ जानेवारीच्या ३२ किमीनंतर मांड्या अशाच धरल्या होत्या. ते दुखणं मी पुरतं न जिरवताच मुंबईला घेऊन गेले होते.

माझ्या दोन शर्यतींवरून कुणी नियम काढू नये. दुसऱ्या वर्षी मागच्या एका वर्षाचा सराव जास्तीचा होता, आणि खाण्याचंही मी नीट पाहिलं होतं. म्हणून अभ्यास काय सांगतात तेही बघू. २००७ मध्ये टेपरवरच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले. त्यातून आलेलं उत्तर दोन आठवड्यांच्या बाजूचं होतं: मायलेज ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करा, वेग आणि धावण्याचे दिवस मात्र तेच ठेवा. पण त्या प्रयोगांत पोहणारे आणि सायकलवालेही होते. पोहण्यात पायांवर आपटणं नसतं, स्नायूंची तशी झीज होत नाही. २०२१ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या दीड लाखाहून जास्त हौशी लोकांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात दर आठवड्याला शिस्तीने मायलेज उतरवत नेणारे तीन आठवड्यांचे टेपरवाले, जेमतेम टेपर करणाऱ्यांपेक्षा साधारण साडेपाच मिनिटांनी, म्हणजे २.६ टक्क्यांनी पुढे होते. शिस्त हा त्यातला महत्त्वाचा शब्द. एक आठवडा कमी, पुढचा परत जास्त, असं वरखाली करणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही.

म्हणून माझा कौल असा: सलग दहा-बारा आठवडे आठवड्याला ५० किमीच्या वर धावला असाल, मध्ये मोठा खंड पडला नसेल, तर तीन आठवडे. चाळिशी ओलांडली असेल किंवा गुडघा, टाच, नितंब यांपैकी काहीतरी कुरकुरत असेल, तर नक्कीच तीन.

दोन आठवडे कुणाला? ज्यांचं मायलेज ४० च्या आसपासच आहे, किंवा डिसेंबरमध्ये ताप, घरातलं लग्न, ऑफिसचा दौरा यात दहा-बारा दिवस गेले आहेत. त्यांच्या अंगात साठलेला थकवाच कमी आहे. तीन आठवडे उतरवत नेलं तर मुळात कमी असलेला सराव आणखी पातळ होतो. अशांनी १४ दिवस आधी २६ ते २८ किमीचा एक लाँग रन करावा आणि तिथून उतरावं. पण राहिलेला लाँग रन भरून काढायचा म्हणून दहा दिवस आधी ३२ किमी काढणं हे फार महागात पडतं. त्या धावण्याचा फायदा अंगी लागायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, थकवा मात्र लगेच येतो. तो लाँग रन गेला असं समजा आणि सोडून द्या.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच राहते: वेग सोडायचा नाही. टेपर म्हणजे आराम असं समजून सगळंच संथ धावणारे खूप भेटतात, आणि शर्यतीच्या दिवशी पाय लाकडासारखे झाले म्हणतात. माझा शर्यतीच्या आठवड्यातला बुधवार असा होता: २ किमी सावकाश, मग मॅरेथॉनच्या वेगाने १-१ किमीचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं जॉगिंग, शेवटी १ किमी सावकाश. शनिवारी २० मिनिटं हलकं धावणं आणि १५-२० सेकंदांच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे वेग चढवत नेलेल्या छोट्या धावा, बस. त्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस १२ किमी, त्यातले ६ मॅरेथॉनच्या वेगाने. जिममधलं वजन उचलणं मी शेवटच्या दहा दिवसांत पूर्ण बंद करते.

तीन आठवड्यांचा खरा त्रास डोक्याला होतो. दुसऱ्या आठवड्यात पाय जड वाटतात, कधी न दुखलेला घोटा दुखतो, घसा खवखवतो, आणि सारखं वाटतं की सगळा फिटनेस गळून चालला आहे. तसं होत नाही. पूर्ण बंद केलं तर दोन-तीन आठवड्यांत दम कमी होऊ लागतो. तुम्ही तर निम्म्याहून जास्त धावताय. ज्यांना ही बेचैनी सहन होत नाही आणि गपचूप जास्तीचे १० किमी करून येतात, त्यांनी प्रामाणिकपणे दोन आठवड्यांचं टेपर घ्यावं. पाळलेले दोन आठवडे मोडलेल्या तीन आठवड्यांपेक्षा बरे.

इथे बायकांसाठी एक सांगते, कारण हे कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं. संक्रांत याच आठवड्यात येते. २०२४ ला संक्रांत सोमवारी होती आणि शर्यत रविवारी. गुळपोळ्या लाटायला तीन तास ओट्यापाशी उभं राहणं, मग घरोघरी हळदीकुंकवाला जाणं, हे सगळं पायांच्या खात्यात जमा होतं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. सासूबाईंनी स्वतःच सुचवलं की आपलं फेब्रुवारीत ठेवू, आणि तेच केलं.

खाणं: एक दिवस भरपूर की दोन दिवस थोडं थोडं

आदल्या रात्री पोटभर पास्ता खायचा ही जुनी रीत. दुसरा पर्याय म्हणजे शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत कर्बोदकं वाढवत नेणं. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम अशी असते. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ५८० च्या वर. मला ८ ग्रॅमच्या हिशोबाने साधारण ४६० झेपतात, आणि तेवढेही एका जेवणात जाणं शक्य नाही. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ७५ ग्रॅम, एका केळ्यात २५, वाटीभर मोकळ्या भातात ४० च्या आसपास. हे दिवसभर विखुरलं की जमतं: सकाळी पोहे, अकराला केळं आणि खजूर, दुपारी भात आणि पातळ वरण, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, रात्री साडेसातला मऊ भात आणि बटाट्याची सुकी भाजी. साबुदाण्याची खिचडी टाळते, दाण्याच्या कुटाने आणि तुपाने पोट लवकर भरतं. उसळी, कच्ची कोशिंबीर, ज्वारी-बाजरीची भाकरी ही एरवीची चांगली माणसं या दोन दिवसांत बाहेर.

वजन काट्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल. घाबरू नका. शरीरात साठवलेल्या कर्बोदकांच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं, आणि मुंबईच्या दमटपणात ते पाणी उपयोगीच पडतं.

पुण्याहून शुक्रवारी की शनिवारी

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी भरणाऱ्या प्रदर्शनात, एक्स्पोत, जाऊन घ्यावं लागतं. शनिवारी निघालं की प्रवास, रांग आणि स्टॉलवरून भटकणं मिळून सहा-सात तास पायांवर जातात. पहिल्या वर्षी मी तसं केलं आणि रात्री पिंढऱ्या ठणकत होत्या. दुसऱ्या वर्षी शुक्रवारी सुट्टी टाकली, दुपारीच बिब घेतलं, शनिवार बहिणीकडे दादरला पडून काढला. एक दिवसाची रजा वाचवायची असेल तर शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने या आणि एक्स्पोत पाऊण तासाच्या वर थांबू नका. आणि झोप शुक्रवारची महत्त्वाची धरा. शनिवारी रात्री कुणालाच नीट लागत नाही, त्याने फार बिघडतही नाही.

ठाणे, कल्याण, बोरिवलीकडच्या लोकांनी घरीच झोपावं. शर्यतीच्या पहाटे दोन्ही रेल्वे विशेष लोकल सोडतात, त्यांच्या वेळा त्या आठवड्यात जाहीर होतात.

शर्यतीची पहाट

सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास, म्हणून मी पावणेतीनला खाते: दोन स्लाइस ब्रेडला जॅम, एक केळं, अर्धा कप कॉफी. पोहे घरी असताना उत्तम, पण बाहेर कुणाच्या हातचे किती तेलाचे असतील याचा भरवसा नसतो. जे काही खाल ते डिसेंबरच्या लाँग रनआधी त्याच वेळेला खाऊन पाहिलेलं असावं. जेलचं, म्हणजे धावताना खायच्या गोड पाकिटांचंही तेच. दर ३५ ते ४० मिनिटांनी एक, एकात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पहिलं जेल भूक लागायच्या खूप आधी, ४० व्या मिनिटाला. २०२३ ला मी पहिलं दीड तासाने घेतलं होतं. पाणी प्रत्येक स्टेशनवर दोन-तीन घोट. चार तासांच्या वर धावणाऱ्यांनी नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा घातक आहे.

वेगाबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, अंधारात गारवा आहे तोवर मिनिटं कमावून ठेवा. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे हे पटण्यासारखं वाटतं. दुसरा म्हणतो, पहिले ५ किमी ठरल्यापेक्षा किलोमीटरमागे १० सेकंद हळू. मला पहिला मार्ग फसवा वाटतो, विशेषतः पुण्याकडच्यांसाठी. आम्ही डिसेंबरात १२ अंशांत, कोरड्या हवेत पाषाणला जो वेग काढतो तो मरीन ड्राइव्हवर पहाटेही तसाच परवडत नाही. बनियन चौथ्या किलोमीटरला भिजलेलं असतं. मी पुण्याच्या वेगात किलोमीटरमागे १० सेकंद सोडते. ४:१५ साठी किलोमीटरला ६:०२ मिनिटांचा वेग लागतो, पहिले ५ किमी मी ६:१२ ने गेले. माझ्या शेजारून त्या वेळी शेकडो लोक पुढे निघून गेले. पेडर रोडच्या चढावर वेग ६:४० पर्यंत उतरू दिला, तिथे घड्याळाकडे बघायचंच नाही हे आधी ठरवलं होतं. चढ संपल्यावर चौपाटीकडे उतरताना ५:५० दिसले, आणि पोटऱ्या शांत होत्या.