सीटमधली साइड एअरबॅग बदलणं: काम चोख, बिल मोघम

या वर्कशॉपने अवघड भाग नीट केला. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि काही मिनिटं थांबले. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमधला (वीज साठवून ठेवणारा भाग) चार्ज उतरेपर्यंत सीटखालच्या, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नसतो, नाहीतर बॅग अचानक फुगू शकते. मग सीट बाहेर काढून पाठीच्या फ्रेमवर, दाराकडच्या बाजूचं मॉड्यूल (बॅग आणि ती फुगवणारा भाग मिळून एक संच) बदललं. नट नवे, तेही टॉर्क रेंचने आवळलेले.

कव्हरही नवं घातलं, हे विशेष. त्याची बाजूची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, बॅग तिथूनच फाडून बाहेर येते. दार आणि बरगड्या यांत जेमतेम वीतभर जागा, त्यामुळे तिला सेकंदाच्या एक-दोन शतांशांत फुगावं लागतं. वरून बाजारातलं जाड रेक्झिन चढवलं की ती अडते, नाहीतर भलतीकडे फुगते. (हौशी सीटकव्हरवाल्यांनी ऐकावं.)

बिल मात्र मोघम: मॉड्यूलचा पार्ट नंबर नाही, बेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटकन आवळणारा भाग) तपासल्याची नोंद नाही. दोन्ही मागून घ्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा, पण तेवढ्यावर भागत नाही. मॉड्यूलऐवजी नुसता रेझिस्टर (विजेला अडथळा देणारा छोटा सुटा भाग) जोडला तरी दिवा मुकाट विझतो, म्हणून नवं मॉड्यूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कव्हर चढवू देऊ नका.