7 नंबरचा फ्लाय रॉड सेट: दिवाळी ते पोळा वापरल्यावर

रॉड चांगला, रील चालून जाते, लाइन मात्र आपल्या विदर्भासाठी नाही. घाईत असाल तर एवढं पुरे. फ्लाय म्हणजे पिसांचा नकली किडा, त्यानं मासे धरायचा हा सेट: 9 फुटी चार तुकड्यांचा रॉड, रील आणि डब्ल्यूएफ-7-एफ (पुढं जड, 7 नंबरची, तरंगणारी) लाइन. बाकी माहिती विकणाऱ्याच्या पानावर आहेच. मी पवनीकडचा, जिल्हा भंडारा. वैनगंगा, तिला मिळणारे नाले आणि मच्छीमार संस्थेच्या परवानगीनं एक मामा (माजी मालगुजारी) तलाव, एवढीच माझी धाव.

थंडीत तक्रारीला जागा नव्हती. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सराव केला, लाइन रॉडच्या रिंगांतून सरसर जायची. डिसेंबरात मी हा सेट दोन मित्रांना घ्यायलाही लावला. आता ते माझा फोन उचलत नाहीत.

एप्रिल लागला आणि लाइन नरम पडली. सकाळी अकराच्या पुढं बोटात धरली की चिकटायची, नखानं दाबली की वळ उठायचा. पायाशी सोडलेली लाइन उकडलेल्या शेवयांसारखी एकमेकीत गुंतायची. जोर लावून फेकली तरी दुसऱ्या-तिसऱ्या रिंगेत अडकून अर्ध्यावर धप्पकन पडायची. काठावर जाळं सोडवत बसलेले एक ढिवर काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "बाबू, दोर हवेतच फिरवतेस गा, पान्यात कवा टाकतेस?"

हे रडगाणं इतकं लांबवतोय कारण या प्रकारात सगळी मदार लाइनवर असते. साध्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत नेतं. इथं फ्लायला वजनच नाही. 7 नंबर म्हणजे लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन 185 ग्रेन, साधारण 12 ग्रॅम. त्या वजनावर फ्लाय जाते. लाइन रिंगेत अडली की वीस हजारांचा रॉडही तुराटीच्या मोलाचा.

कस्टमर केअरनं आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल, मग पुन्हा फोटो. शेवटी उत्तर आलं की वॉरंटी फक्त रॉडला, लाइन झिजणारी वस्तू. ठीक, कागदावर तसं असेल. पण वर ऐकवलं की "तुम्ही उन्हात वापरली असेल." मे महिन्यात वैनगंगेच्या रेतीत सावली कुठून आणू, साहेब?

त्यांनी सरळ सांगायला हवं होतं ते असं: ही थंड पाण्याची लाइन आहे. विणलेल्या दोऱ्यावर प्लास्टिकचा मऊ थर असतो. पाणी गार असलं तरी लाइन ताठरू नये म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवतात. आपल्या 45 अंशांत तो ढेपाळतो. गरम हवेसाठी कडक थराची ट्रॉपिकल लाइन वेगळी मिळते, ती गार पाण्यात वेटोळी होते. दोन्हीकडे सारखी चालेल अशी सहसा नसते. विक्रीच्या पानावर याचा एक शब्द नाही. खोक्याच्या तळाला मात्र मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं आहे, तेही माल घरी आल्यावर दिसणार.

इथवर मी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण मेच्या शेवटी हिमाचलात तीर्थन नदीवर जाणं झालं, सेट सोबत होता. मासेमारीचा परवाना काढला. (नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं ट्राउट या गार पाण्यातल्या माशाची मासेमारी बंद असते, तिकीट काढण्याआधी बघा.) आणि हीच लाइन तिथं पहिल्या दिवसासारखी पळाली! पाणी पायाला झोंबत होतं, लाइन गुळगुळीत. तेव्हा तारे वाढवणं भाग पडलं. माल खोटा नाही, आपल्याकडं खपवणं खोटं आहे.

तीर्थनला सकाळी पाणी उतरलेलं आणि नितळ असतं. दुपारी वरचा बर्फ वितळला की पातळी चढते, पाणी राखाडी होतं. मोठी ब्राऊन ट्राउट तेव्हा मधल्या ओढीतून निघून काठाच्या दगडाआड येते. मी गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून काळी फ्लाय बांधली होती. ती काठाला लागून हळू ओढली आणि रॉड मुठीपर्यंत वाकला. उतरत्या नितळ पाण्यात तीच फ्लाय दाखवली तर मासा नुसता बाजूला सरकला. अशा मोठ्या माशाला 7 नंबर बरोबर. बारक्या ट्राउटसाठी 5 नंबर घ्या, मजा येईल.

आपल्याकडं बर्फाच्या जागी गोसेखुर्द धरणाची 33 दारं आहेत. पावसाळ्यात पाणी चढलं की मरळ बुडालेल्या गवतात, बेशरमाच्या झुडपांत शिरते. पाणी उतरू लागलं की नाला नदीला मिळतो तिथं दबा धरते. ऑगस्टात रॉडनं तिला झुडपातून ओढून काढली, टोक शाबूत. पण तिच्या दातांपुढं बारीक टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा) टिकत नाही, जाड लावा. दारं उघडायची दवंडी ऐकली की पाण्यात उभं राहू नका, फ्लाय गेली तर जाऊ द्या.

रीलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गढूळ पाण्यानंतर खरखर करते, धुतली की गप्प होते.

ट्रॉपिकल लाइनची किंमत सेटच्या निम्म्याला भिडते, म्हणून अजून घेतलेली नाही. तोवर रीलला ओला दुपट्टा गुंडाळतो, साबणाच्या पाण्यानं लाइन पुसतो आणि दहाच्या आत घरी येतो. डबल टेपर (दोन्ही टोकं सारखी) असती तर झिजल्यावर उलटी फिरवून दुसरं टोक वापरता आलं असतं, ही तशी नाही. नुसता रॉड सुटा मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. सेट घ्यायचाच असेल तर आधी विचारा, लाइन कुठल्या पाण्याची, आणि उत्तर लेखी घ्या. रॉडला चार तारे. सेटला दोन, त्यातला एक तीर्थनचा.