दोन इंटरनेट जोडण्या, एक टीव्ही : टीपी-लिंक ईआर६०५ राउटर

सिंहस्थाच्या तयारीसाठी नाशिकमध्ये जागोजागी रस्ते खोदलेले असताना एकाच फायबरवर विसंबून राहणे परवडत नव्हते, म्हणून इंदिरानगरच्या आमच्या घरी दुसऱ्या कंपनीचीही जोडणी घेतली आणि दोन्ही ईआर६०५ या राउटरला लावल्या. एक जोडणी गेली तरी काम दुसरीवर चालू राहते, आणि घरून काम करणाऱ्यासाठी एवढे एक कारणही खरेदीला पुरेसे आहे. यात वायफाय नाही. त्यासाठी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारे उपकरण, वेगळे घ्यावे लागते.

टीव्हीवरचे ओटीटी ॲप मात्र अडू लागले. लॉगिन होई, मालिकांची यादीही दिसे, पण भाग सुरू करताच परवानगी नाकारली जाई. ग्राहक सेवेने ॲप काढून पुन्हा टाकण्याचा ठरावीक सल्ला दिला. त्याने थोडा वेळ चालते, आणि म्हणूनच तो सल्ला अधिक फसवा आहे.

खरे कारण लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे काम दोन्ही जोडण्यांवर वाटून देण्याच्या पद्धतीत, आहे. राउटरमधील ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ ही सोय एका सर्व्हरशी चाललेला संवाद एकाच जोडणीवर टिकवते खरी. पण लॉगिन, परवाना आणि व्हिडिओ यांचे सर्व्हर वेगवेगळे असल्यामुळे लॉगिन एका कंपनीच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणीची ओळख पटवणाऱ्या क्रमांकावरून) आणि परवान्याची (व्हिडिओ चालवण्याच्या परवानगीची) मागणी दुसरीच्या पत्त्यावरून जाऊ शकते, आणि जी सेवा दोन्ही पत्ते ताडून पाहते ती अशा वेळी नकार देते. नेटफ्लिक्ससारखी सेवा तर ‘घर’ कोणते हे ठरवतानाही आयपी पत्ता विचारात घेते.

यावर उपाय राउटरमध्येच आहे. टीव्हीला घरच्या नेटवर्कमधला कायमचा स्थानिक पत्ता राखून द्यावा आणि ‘पॉलिसी राउटिंग’ या मेनूमध्ये तो पत्ता एकाच जोडणीला बांधावा. तेथे ‘ओन्ली’ऐवजी ‘प्रायॉरिटी’ निवडावे, अन्यथा ती जोडणी बंद पडताच टीव्हीही बंद पडतो. हा नियम आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर लावलेला असेल, तर आयपीव्ही६ ही नवी पद्धत चालू असताना टीव्ही त्याला बगल देऊ शकतो. आम्ही आयपीव्ही६ बंदच ठेवले आहे. मेनू किचकट आहेत, नेटवर्किंगची ओळख नसणाऱ्याला ते जड जातील. इंटरनेट कंपनीने दिलेल्या सेट-टॉप बॉक्सवर थेट वाहिन्या पाहत असाल, तर तो या राउटरमागे न लावता त्याच कंपनीच्या मोडेमला थेट जोडणे सोयीचे.