मोजा कुठून शिकवायचा: पहिल्या पायरीपासून की शेवटच्या?

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात स्वावलंबनाची कौशल्यं शिकवताना कृतीच्या पायऱ्या पाडेपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. वाद त्यानंतर सुरू होतो: फॉरवर्ड चेनिंग (पायऱ्यांची साखळी पहिल्या पायरीपासून शिकवणं) की बॅकवर्ड (शेवटच्या पायरीपासून)? मी दोन्ही वापरतो, पण नव्या मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता आखलेला शिक्षण आराखडा, लिहायला बसलो की माझा कल बॅकवर्डकडे असतो.

मोज्याचंच घ्या. मोज्याचं तोंड फाकवणं, पायाची बोटं घालणं, टाचेपर्यंत आणणं, टाचेवरून ओढणं, घोट्यावर चढवणं. फॉरवर्डमध्ये मूल तोंड फाकवतं, आपण शाबासकी देतो आणि उरलेलं स्वतःच उरकतो. मला खटकतं ते नेमकं हेच. शाबासकी मिळाली की मुलाच्या लेखी काम संपलं. हात सैल पडतात, नजर दुसरीकडे जाते. मोजा पायात चढतो तेव्हा त्याचं तिकडे लक्षही नसतं. शिवाय दुसरी पायरी जोडली की काल जेवढ्यावर कौतुक झालं तेवढ्यावर आज होत नाही. काही मुलं रुसतात, काही मोजा भिरकावतात. मला तो राग रास्त वाटतो.

बॅकवर्डमध्ये टाच आपण पार करून द्यायची. घोट्यावर चढवणं एवढंच मुलाचं काम. त्याने ओढला की मोजा घालून झालेला असतो. शाबासकी आणि कामाचा शेवट एकाच क्षणी येतात. मग हळूहळू टाचेपाशी सोडायचं, नंतर बोटांपाशी. पायरी नवी असली तरी पुढची वाट त्याच्या ओळखीची असते. बक्षीस साखळीच्या शेवटी, हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९३० च्या दशकातल्या प्रयोगांपासून चालत आलेला आहे. मात्र समोर बसून शिकवू नका. मुलाच्या मागे किंवा शेजारी बसलात तर तुमचे हात त्याच्याच दिशेने चालतात.

फॉरवर्डची बाजू लंगडी आहे असं नाही. काम आपणहून सुरू करायची सवय त्यात लवकर लागते. बॅकवर्डमधलं मूल कधीकधी पाय पुढे करून नुसतं वाट बघत बसतं. नाव लिहिण्यासारख्या क्रमाच्या गोष्टींत मी आजही सुरुवातीपासूनच जातो. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, त्यामुळे माझा आग्रह अनुभवापुरताच समजा. आणि मुलाला बहुतेक पायऱ्या येतच असतील तर दोन्ही सोडा, पूर्ण कृती करू द्या, अडेल तिथेच हात लावा.

ठरत नसेल तर सगळ्यात अवघड पायरी कुठे आहे ते बघा. जॅकेटच्या झिपमध्ये ती अगदी सुरुवातीला असते, खालचं टोक खाचेत बसवण्याची. फॉरवर्डने गेलात तर मूल तिथेच अडकून पडतं. आपण टोक बसवून दिलं आणि झिप वर ओढणं त्याच्याकडे सोपवलं, तर जॅकेट रोज त्याच्याच हाताने बंद होतं.

बॅकवर्ड निवडलंत तर एक पथ्य पाळा. मदतनीस किंवा आईबाबा घाईत सगळा मोजा चढवून मोकळे होतात आणि मुलाच्या वाट्याचं काहीच उरत नाही. म्हणून आज कुठे थांबायचं ते फाइलमध्ये नको, मोजे ठेवतो त्या डब्यावरच चित्र काढून चिकटवा.